२८ दिवसांचा महिना आणि वाडीतली रेंज

आज पोफळीची नोंद नाही, फोनची आहे. कंटाळू नका, शेवटी गोष्ट वाडीवरच येते.

परवा सुपारी वाळत घातली होती आणि दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी येतोय का बघावं म्हणून फोनवर रडार उघडायला गेलो. गोल चक्र फिरतंय, फिरतंय, पान काही उघडत नाही. तेवढ्यात मेसेज मात्र बरोबर आला, "तुमचा प्लॅन उद्या संपतोय, आजच रिचार्ज करा." मेसेज यायला रेंज होती, आभाळ बघायला नव्हती. सुपारी हातानेच गोळा केली.

रात्री खर्चाची वही काढली. वर्षाचे महिने बारा, पण एका फोनच्या रिचार्जच्या नोंदी तेरा. हिशोब सोपा आहे, २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. मजुरी महिन्यावर, वीजबिल महिन्यावर, फक्त फोनचा महिना २८ दिवसांचा. हे असं कधीपासून झालं ते बघू म्हटलं, आणि त्यातून ही लांबलचक नोंद झाली.

जुन्या लोकांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर बुक करायचा आणि लागेल तेव्हा लागेल म्हणून बसून राहायचं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिने धूळ, उकाडा, दमट हवा सोसतील अशी छोटी एक्स्चेंज बनवली, आणि गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. मीटर समोर टिकटिक करायचं. मुंबईत सुपारीचा भाव काय चाललाय हे विचारायचं तर आकड्यांकडे डोळे लावून बोलायचं. महाग होतं, पण किती पैसे गेले ते डोळ्यांना दिसत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात जायचा, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. समोरचा बोलतोय आणि बिल आपल्याला! मिस्ड कॉल ही आपल्या लोकांची अक्कल तिथूनच आली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी पाठव.

कोकणाला आणखी एक त्रास होता. सरकारने देशाची जी टेलिकॉम सर्कल पाडली त्यात मुंबई वेगळी आणि बाकी महाराष्ट्र गोव्यासकट वेगळा. त्यामुळे गणपतीला घरी आलेला चाकरमानी स्वतःच्या पडवीत बसून रोमिंगवर असायचा. मुंबईचा फोन खिशात, पण आईशेजारी बसून उचलला की जादा पैसे.

मग दर पडायला लागले. १९९७ ला ट्राय हा नियामक आला. १९९९ च्या धोरणात कंपन्यांची ठरीव लायसन्स फी जाऊन उत्पन्नातला वाटा द्यायची पद्धत आली. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली आणि मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. त्याच सुमाराला टीव्हीवर हचची ती कुत्र्याची जाहिरात लागायची. पोरगा जाईल तिथे कुत्रा, तसं तुम्ही जाल तिथे आमचं नेटवर्क. आपल्या वाडीत कुत्रा यायचा, नेटवर्क वेशीवर थांबायचं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर बिल आणलं, आणि मिनिटाचं बिल घेणाऱ्या बाकीच्यांनाही ते करावं लागलं. चुरस असली की गिऱ्हाइकाचं कसं भलं होतं याचं हे चांगलं उदाहरण.

आता डेटाकडे येऊ. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी सरासरी २६९ रुपयांना पडायचा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. आपणही रांगेत उभे होतो, खोटं कशाला बोला. पुढे दर पडले आणि कंपन्याही पडल्या. कुणी बंद झाली, कुणी विकली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. एके काळी डझनभर नावं होती, आज मोजायला एका हाताची बोटं पुरतात, तीन खासगी आणि एक बीएसएनएल. आणि मग डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ अशी एकापाठोपाठ दरवाढ. तिन्ही वेळा तिन्ही खासगी कंपन्यांची वाढ काही दिवसांच्या अंतराने आली. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ वर गेला.

हे बघून मला आगबोटींची गोष्ट आठवते. १९०६ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तुतिकोरिन ते कोलंबो. समोरच्या इंग्रज कंपनीने आधी भाडं पाडलं, मग फुकट नेलं, वर प्रवाशाला एक छत्री भेट. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले आणि १९११ मध्ये कंपनी मोडीत निघाली. फुकटाची छत्री घेऊन घरी गेलेल्या प्रवाशांपुढे मग एका बोटीची निवड गेली. आजचं प्रकरण हुबेहूब तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण फुकट मिळतंय तेव्हा दुसरी बोट बुडतेय का, हे बघायची सवय आपल्याला नाही, हे खरं.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. आजही आपल्याकडचा डेटा जगातल्या स्वस्त डेटांपैकी आहे. स्पेक्ट्रमचे लिलाव महाग झाले, आणि २४ ऑक्टोबर २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कंपन्यांवर सरकारी थकबाकीचा डोंगर आला. टॉवर हवेवर चालत नाही, त्याला वीज, डिझेल, बॅटरी लागते. मग आपली तक्रार नक्की काय? माझ्या मते तीन गोष्टींची. न पोचलेल्या मालाचे पैसे, नको असलेल्या मालाची सक्ती, आणि जाहिरातीतला दावा.

दाव्यापासून सुरू करू. २०१५ मध्ये एअरटेलने जाहिरात केली की तुमचं नेटवर्क आमच्या ४जी पेक्षा वेगवान निघालं तर तुमची बिलं आयुष्यभर आम्ही भरू. एका ग्राहकाने तक्रार केली. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या मंडळाने ती दिशाभूल करणारी ठरवून बदला किंवा मागे घ्या असं सांगितलं. २०१७ मध्ये ‘देशातलं सर्वात वेगवान’ या दाव्यावर पुन्हा तसंच झालं, तेव्हा तक्रार जिओची होती. ॲस्की हे जाहिरात धंद्याचं स्वतःचंच मंडळ, दंड करायचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आलेल्या केंद्रीय प्राधिकरणाला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, परत केली तर ५० लाखांपर्यंत.

‘सर्वात वेगवान’ हा आकडा खोटाच असतो असं नाही. पण स्पीड टेस्ट कोण करतो? ज्याच्याकडे रेंज आहे तो. जिथे चक्र फिरत राहतं तिथली टेस्ट पूर्णच होत नाही. म्हणजे शेतकऱ्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची आणि पीक बुडालेल्यांना मोजायचंच नाही, तसलं हे. ‘९९ टक्के लोकसंख्येपर्यंत’ या धाटणीच्या दाव्याचंही तेच. लोकसंख्या घरात मोजतात. वाडी, शेत, खाजण, डोंगरउतार यात लोकसंख्या शून्य.

कृषीवाल्या मित्रांसाठी थोडं तांत्रिक. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी आत येतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या जास्त डेटा वाहतात, पण दमाने कमी. हिरव्या पानात पाणी असतं आणि पाणी या लहरी खातं. दाट पोफळी, वर माडाचे झाप, खाली केळी आणि जायफळ अशी आपली वाडी म्हणजे रेंजला ओलं गोणपाट टांगल्यासारखं. पावसात आणखी वाईट. म्हणून किनाऱ्यावर फोनला पूर्ण दांड्या दिसतात आणि आळ्यात उभं राहिलं की गायब.

हे सगळं नुसतं चैनीचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पिकाचा फोटो शेतातच उभं राहून काढायचा. पीएम किसानचं ई-केवायसी, महाडीबीटीचा ओटीपी, सगळं फोनवर. पीक विम्यात स्थानिक नुकसान ७२ तासांत कळवा म्हणायचे. म्हणजे सरकारने शेतकऱ्याचा सातबारा फोनला बांधला, आणि फोन २८ दिवसांना बांधलेला आहेच.

३ जून २०२० आपण कुणी विसरणार नाही. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. विजेचे खांब मोडले, टॉवर मुके झाले. लॉकडाऊनचे दिवस, पोरं मुंबईत अडकलेली. आई-बाप जिवंत आहेत का हे कळायला काही घरांना कितीतरी दिवस लागले. प्लॅनचे दिवस मात्र कंपनीच्या घड्याळात कापले जात होते. पुढे भरपाई ठरली ती पोफळीच्या झाडाला ५० रुपये, माडाला २५०. आता वही परत उघडा. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. एका फोनचं वर्ष म्हणजे ७७ पोफळी. लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं घेणारं झाड, अशी ७७ झाडं. ही तुलना कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे. पण वहीत दोन आकडे शेजारी आले की डोळे मिटता येत नाहीत.

तक्रार करून काही होतं का, असं बरेच जण विचारतात. होतं, पण सावकाश. महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. फोनच्या बाबतीत २००९ च्या एका निकालाने ग्राहक मंचाचं दार जवळजवळ बंद झालं होतं. ते फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने उघडलं. वाद होता २४,६०९ रुपयांच्या बिलाचा, लढणारा एक साधा ग्राहक, समोर व्होडाफोन आयडिया. हारही झाली आहे. कॉल तुटला तर एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा ट्रायचा नियम मे २०१६ मध्ये कोर्टात रद्द झाला.

२७ जानेवारी २०२२ ला ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक प्लॅन, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. प्लॅन आले, पण जाहिरातीत दिसतात का? दुकानात मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरी चांगली गोष्ट झाली. डेटा नको असेल त्याच्यासाठी नुसतं बोलणं आणि एसएमएस असा पॅक ठेवणं सक्तीचं झालं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. आमच्या शेजारच्या काकूंचा साधा बटणांचा फोन. मुलाशी बोलायला म्हणून त्या रोज दीड जीबीचे पैसे भरत होत्या. दुकानात गेल्यावर पोरगा म्हणाला, "काकू, हाच चालतो सगळ्यांना." नेटाने मागितल्यावर दुसरा निघाला.

ऑगस्ट २०२४ च्या ट्रायच्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपल्या रेंजचा नकाशा वेबसाइटवर टाकावा लागतो. जिल्ह्यात मोठा बिघाड २४ तासांपेक्षा जास्त राहिला तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला दिवस वाढवून द्यायचे. ऐकायला छान. पण नैसर्गिक आपत्तीला त्यातून सूट आहे. आपल्या किनाऱ्यावर टॉवर सगळ्यात जास्त वेळ मुका होतो तो वादळातच, आणि नेमकं तेच हिशोबात नाही. मला विचाराल तर मागणी करायची ती इथे. वादळाचा दोष कंपनीचा नाही, मान्य. पण न दिलेले दिवस परत द्यायला दोष कशाला लागतो? मीठ लागून माल भिजला तर व्यापारी आपल्याला पैसे देत नाही, मग आपणच का द्यावेत?

जाता जाता कामाच्या गोष्टी. नकाशात आपली वाडी रंगवली आहे का बघा, असेल आणि रेंज नसेल तर त्याचा फोटो ठेवा. कंपनीकडे तक्रार केली की तक्रार क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर लगेच PORT नाही, आधी शेजाऱ्याच्या सिमने आपल्या आळ्यात उभं राहून बघा, मग १९०० ला मेसेज करा.

आणि एक विनंती. पावसाची नोंद आपण ठेवतो तशी रेंजची ठेवू. वहीत चार रकाने: तारीख, जागा, कंपनी, कॉल लागला का. मी आजपासून सुरू केलं आहे. शके ९८२ चा मराठी ताम्रपट ज्या गावात सापडला ते हे गाव, लिहून ठेवायची सवय इथे हजार वर्षांची आहे. पावसाळा संपला की सगळ्यांच्या नोंदी एकत्र करू आणि ट्रायला, जिल्हाधिकाऱ्यांना पाठवू. तुमच्या वाडीची पहिली नोंद खाली टाका. रेंज असेल तिथे जाऊन.