धान्याच्या बदल्यात पिल्लू

हेमलकशाचं ‘आमटे आर्क’ पाहायला लोक दुरून येतात. बिबट्या दिसतो, अस्वल दिसतं. हे अनाथ प्राण्यांचं घर एका देवघेवीतून उभं राहिलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

समाजसेवक बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड भागात, हेमलकशाला, लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. बाबांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. धड रस्ता नाही, आणि पावसाळ्यात नद्या भरल्या की बाहेरचं जग तुटायचं. तिथल्या माडिया गोंड आदिवासींचं पोट जंगलावर चाले: मोहफुलं, कंदमुळं, लाल मुंग्या आणि मिळेल ती शिकार.

एकदा शिकारीहून परतणारे माडिया या दोघांना जंगलात भेटले. त्यांच्याजवळ मारलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू. याचं काय करणार, असं विचारल्यावर सरळ उत्तर आलं: खाणार.

जीवहत्येच्या पापावर चार शब्द सुनवायला याहून सोपी वेळ नव्हती. प्रकाशभाऊंनी ते केलं नाही. त्यांनी पिल्लू मागून घेतलं आणि बदल्यात खायला धान्य दिलं. पिल्लाचं नाव ठेवलं बबली. मग निरोपच गेला: शिकारीत जिवंत पिल्लू हाती लागलं तर मारू नका, इकडे आणा, धान्य न्या. पिल्लं येत गेली. बिबटे, अस्वलं, हरणं, तरस, साप. त्यातल्या मांसाहारी प्राण्यांना मांसच घालावं लागे, आणि ते घातलं गेलं.

या रीतीची थोरवी मला इथेच दिसते. तिने प्राण्याचा जीव मोलाचा मानला आणि तो मारणाऱ्याची भूकही खरी मानली. आपल्याकडे शाकाहाराचा सोवळेपणा अनेकदा या भुकेकडे पाहतच नाही. आपलं ताट शुद्ध म्हणून आपण वरचे, एवढ्यावर थांबतो. गांधीजींनी २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळींना हेच बजावलं होतं: दुसऱ्याला वळवायचं असेल तर सहिष्णू व्हा, थोडी नम्रता धरा.

हेमलकशात धान्यासोबत दवाखाना आला, भाजीपाल्याची शेती आली, १९७६ साली आश्रमशाळा आली. शिकारीवाचून पोट भरण्याची वाट दाखवल्यावरच शिकार सोडायला सांगण्याचा हक्क मिळतो.

तुम्ही तिथे गेलात तर बिबट्याचा फोटो जरूर काढा. पण एखाद्या माडिया म्हाताऱ्याला ‘अजून माकडं खाता का’ असं हसत विचारू नका.