अडीच बादल्यांत मोटारसायकल धुवायची कशी, आणि धुतल्यावर ब्रेक का लागत नाही?

१२ एप्रिल २०१६. पहाटे लातूरच्या स्टेशनात एक मालगाडी आली. मिरजेहून निघालेली, १० वॅगनची. वॅगनमध्ये सिमेंट नव्हतं की खत नव्हतं, पाणी होतं. ५ लाख लिटर. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच शहरात जमावबंदीचा आदेश लागलेला. पुढे ५० वॅगनच्या गाड्या सुरू झाल्या आणि ‘जलदूत’ हे नाव देशभर झालं.

त्या उन्हाळ्यात लातुरात कुणी पाइप लावून मोटारसायकल धुतली असती, तर गल्लीनं आधी त्यालाच धुतलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, विषय गाडी धुण्याचा आणि मधेच रेल्वे कुठून आली? तर मुद्दा असा, की मोटारसायकल धुवायला मुळात जास्त पाणी लागतच नाही. लागतो तो वेळ, आणि तोही धुण्याला कमी, वाळवण्याला जास्त. आपण नेमकं उलटं करतो. अर्धा तास पाइप मारायचा आणि ओली गाडी तशीच उन्हात सोडून द्यायची. टाकीवरचे पांढरे डाग, करकरणारी चेन आणि पहिल्याच चौकात न लागणारा ब्रेक हे सगळं त्या मागे राहिलेल्या पाण्याचं काम.

पाइपचा हिशोब घरीच करून बघा. तुमच्या नळाला १५ लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागत असेल, तर १५ मिनिटं पाइप चालू ठेवला की १० बादल्या गेल्या. लातूरच्या अनेक भागांत आजही नळाला रोज पाणी येत नाही. ट्यूशन एरियात रूम करून राहणाऱ्या पोराला घरमालक पाइपला हात लावू देत नाही, आणि त्यात मालकाचं चुकत नाही. नांदेडकरांना गोदावरी आणि विष्णुपुरीमुळे जरा सैल हात परवडतो, पण मे महिन्यात तिथंही बादलीच बरी.

आधी माती समजून घ्या

इंटरनेटवर बाइक धुण्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. त्यातल्या बहुतेकांत गाडीवर धूळ असते. आपल्याकडे पावसाळ्यात धूळ नसते, काळी माती असते, आणि तो वेगळाच प्रकार आहे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट खडक झाला आणि तो खडक झिजून ही माती तयार झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. शेतरस्त्यावर गाडी घातली की हीच माती टायरला चिकटते, टायरवरून मडगार्डमध्ये जाते आणि थरावर थर बसून शेवटी चाकच फिरायचं थांबतं. अहमदपूर, लोहा, कंधार भागातल्या कुणालाही विचारा, काडी घेऊन मडगार्ड कोरत बसलेला माणूस त्यानं पाहिलेला असतो. बऱ्याचदा तो स्वतःच असतो.

ही माती वाळल्यावर ओरबाडली की रंग गेला म्हणून समजा. चिकणमाती तशी मऊ, पण तिच्यात बारीक खडे आणि चुनखडीचे कण असतात, ते सॅंडपेपरचं काम करतात. त्यामुळे हिला घासायचं नाही, भिजवायचं.

अडीच बादल्या कुठं जातात?

गाडी सावलीत, शक्यतो डबल स्टँडवर लावा आणि इंजिन थंड होऊ द्या, अर्धा तास तरी. तापलेल्या इंजिनावर आणि डिस्कवर गार पाणी ओतणं बरं नाही, सायलेन्सरवर हात भाजतो तो वेगळाच. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधा. चावीच्या भोकावर चिकटपट्टी लावा.

पहिली बादली भिजवायला. मग्यानं दोन्ही मडगार्डच्या आतून, चाकांवर, इंजिनाच्या खाली पाणी सोडा आणि चिखलावर ओलं गोणपाट टाकून पंधरा मिनिटं चहा प्या. चिखल लोण्यासारखा सुटतो. राहिलेला लाकडी काडीनं काढा, स्क्रू ड्रायव्हरनं नको. सुटलेली माती नालीत ढकलू नका, तिथं ती बसून राहते. झाडाला घाला.

मग अर्धी बादली आणि त्यात शॅम्पूची एक पुडी. हो, डोक्याला लावतो तोच चालतो. कपड्यांची पावडर मात्र नको, ती जास्त खारट-तिखट असते आणि रंगावरचं पॉलिश उतरवते. वरून खाली यायचं: आधी टाकी, सीट, साइडची पॅनल, मग इंजिन, शेवटी चाकं. चाकांचं फडकं वेगळं ठेवा. चाकाला लावलेलं फडकं परत टाकीवर फिरवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तिसरी बादली मग्या-मग्यानं खंगाळायला. झालं.

अलॉय व्हील असेल तर काम सोपं. स्पोकवाल्या चाकात प्रत्येक स्पोक जिथं रिमला मिळतो तिथं माती आणि पाणी दोन्ही अडकतात, गंज तिथूनच सुरू होतो. जुना टूथब्रश तिथं फिरवा.

वॉशिंग सेंटरवाला विचारतो ना, डिझेल मारू का? गाडी चमकते खरी. पण डिझेल रबराला वाईट, आणि डिस्कवर किंवा ब्रेक लायनरवर त्याचे थेंब गेले की ब्रेक घसरायला लागतो. पॅडनं तेल पिलं तर ते बदलावेच लागतात. टायर पॉलिशचंही तसंच. कारला चालतं, मोटारसायकल वळणावर कलते आणि टायरच्या कडेवर चालते. तिथं चिकट काही नको.

नदीकाठच्या गावांत पोळ्याला बैल धुतात तशी गाडीही थेट नदीत उभी केली जाते. बैल धुतल्यावर अंग झटकतो. गाडीला ते जमत नाही. चाकाच्या हबपर्यंत पाणी चढलं की ड्रममध्ये गाळ जातो, बेअरिंगचं ग्रीस जातं, आणि गाडीचं ऑइल खाली आंघोळ करणाऱ्यांच्या अंगावर.

खरं काम: वाळवणं

लातूर भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांचं. थेंब उन्हात वाळला की पाणी उडतं आणि क्षार टाकीवर राहतात, बादलीच्या काठावर पांढरी रेघ बसते तसेच. म्हणून ऊन लागायच्या आत पुसायचं. जुनी सुती बनियन यासाठी सगळ्यात भारी.

वरवर पुसून भागत नाही. गाडी स्टँडवरून काढा, हँडल दोन्हीकडे वळवा, सीटवर बसून दोन-तीन दणके द्या. मडगार्डमधून, हेडलाइटच्या मागून लपलेलं पाणी गळायला लागतं. स्पार्क प्लगच्या खोबणीत फडक्याचं टोक घाला. पेट्रोलच्या झाकणाभोवती पाणी साचू देऊ नका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. घरात टेबल फॅन असेल तर वीस मिनिटं गाडीसमोर लावा. मग सायलेन्सरची पिशवी काढून इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवा, पण उघड्यावर. बंद खोलीत किंवा शटर ओढून नाही, तो धूर जीव घेतो.

आणि ब्रेक. मागच्या पावसाळ्यात मी धुतलेली गाडी घेऊन ऐटीत निघालो, कोपऱ्यावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला, गाडी चालतच राहिली. म्हशीला काही झालं नाही, मला इंडिकेटर नवा घ्यावा लागला. कारण साधं आहे. लायनर आणि ड्रमच्या मध्ये पाण्याचा थर असतो तोवर पकड येत नाही. डिस्क उघडी असते, लवकर कोरडी होते. ड्रममधलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. म्हणून रस्त्याला लागण्याआधी मोकळ्या गल्लीत १५-२०च्या स्पीडनं चालवत दोन्ही ब्रेक आलटून पालटून हलके दाबत राहा. घासून उष्णता होते, पाणी उडतं. पकड आधीसारखी वाटली की मगच मेन रोड.

चेन, आणि एक गोष्ट जी कधीच करू नका

ओली चेन रात्रभर तशीच राहिली की सकाळी तांबूस दिसते. म्हणून पुसून, वाळवून त्याच दिवशी तेल द्यायचं. स्प्लेंडरसारख्या गाडीला पूर्ण चेनकव्हर असतं, त्यामुळे तिला त्रास कमी. उघड्या चेनच्या गाड्यांना जास्त. ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, किंवा चेन ल्यूबचा स्प्रे. काही चेनच्या कड्यांमध्ये रबरी रिंगा असतात, त्यांना पेट्रोलनं धुवू नका, रबर खराब होतं.

आता नीट वाचा. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, चाक आपोआप फिरतंय आणि माणूस चेनला फडकं धरून बसलाय. काम पटकन होतं म्हणून असं करणारे खूप आहेत. फडक्याचं टोक चेनमध्ये अडकलं की हात सोडवायला वेळच मिळत नाही, बोट थेट स्प्रॉकेटच्या दातांत जातं. याच पद्धतीनं बोटं तुटलेली आहेत. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चावी खिशात, चाक टायरला धरून हातानं फिरवायचं. डबल स्टँड नसेल तर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत तुकड्या-तुकड्यानं चेन पुसा. दहा मिनिटं जास्त जातील.

तेल चाकाच्या बाजूनं उडालं तर रिमवरून लगेच पुसून घ्या, आणि डिस्क असेल त्या बाजूला तेलकट फडकं नेऊच नका.

खंडेनवमीला तर गाडी धुतली जातेच. ती आदल्या संध्याकाळी धुवून वाळवून ठेवली तर पूजेच्या सकाळी ओल्या गाडीला हार घालायची वेळ येत नाही. पूजा झाली की ओलं हळदीकुंकू टाकीवर वाळायच्या आत पुसा, पांढऱ्या गाडीवर त्याचा डाग लवकर जात नाही. आणि झेंडूचा हार हँडलवरून काढून मगच किक मारा, लोंबणारा हार पुढच्या चाकात जायला एक वळण पुरतं.