अरल समुद्र : दोन दर्यांमधला प्रदेश

मागच्या व्याख्यानात आपण कझाक गवताळ पट्ट्यातले फिरस्ते पशुपालक पाहिले. आज तिथून दक्षिणेला उतरू. घरात १९७० च्या आसपासचा शालेय नकाशासंग्रह असेल तर तो काढा आणि शेजारी मोबाईलवर आजचं उपग्रहचित्र उघडा. जुन्या नकाशात कॅस्पियनच्या पूर्वेला एक ठसठशीत निळा डाग आहे. हा अरल समुद्र. १९६० मध्ये त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होतं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच. जगातल्या सरोवरांत त्याचा नंबर चौथा होता. आजच्या चित्रात उत्तरेला एक निळा तुकडा दिसतो, पश्चिमेला एक अरुंद पट्टी, आणि बाकी सगळं पांढुरकं मैदान.

प्रादेशिक भूगोलाची पुस्तकं साधारण एकाच साच्यातली असतात. आधी पर्वत आणि हवामान, मग नद्या, मग शेवटच्या दोन पानांत लोक, भाषा, पोशाख. जणू निसर्गाचा रंगमंच आधी तयार होतो आणि माणसं नंतर येऊन त्यावर वावरतात. अरलच्या बाबतीत ही मांडणी चालत नाही. तिथला निसर्ग कुठे संपतो आणि माणसांचा कारभार कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही, असं आम्हाला वाटतं.

आधी एका शब्दाकडे बघू. आपल्या मराठीत दर्या म्हणजे समुद्र. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मध्य आशियात मात्र दर्या म्हणजे नदी, आणि ती वाळवंट ओलांडणारी मोठी नदी. अमूदर्या पामीरच्या बर्फातून निघते, सिरदर्या तिएनशानच्या. ग्रीकांनी यांनाच ऑक्सस आणि जक्सार्टीस म्हटलं. या दोघींमधल्या मुलुखाला अरबांनी नाव दिलं मावराउन्नहर, म्हणजे नदीपलीकडचा प्रदेश. समरकंद आणि बुखारा इथलेच, आणि बाबराचा फरगाणाही सिरदर्याच्याच खोऱ्यातला.

आता अरलचं गणित. या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. म्हणजे दोन नद्या जेवढं पाणी आणतील ती जमा, आणि उन्हानं उडेल तो खर्च. जमा घटली की समुद्र आटतो, जोवर उरलेल्या लहान पृष्ठभागावरून तेवढंच पाणी उडत नाही तोवर. इतकं साधं आहे ते.

आणि ही जमा माणसांच्या हातात फार पूर्वीपासून होती. अमूदर्याच्या मुखाजवळच्या ख्वारिझममध्ये दोन हजारांहून अधिक वर्षं कालव्यांवरची शेती होती. पाणी वाटणाऱ्या माणसाला तिथे मीराब म्हणत. पंजाबातला जो ‘आब’ तोच हा. खानदेशात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, जवळपास तेच मीराबचं : कोणाच्या शेताला कधी किती पाणी, आणि पाटातला गाळ काढायला कोणत्या गावानं किती माणसं द्यायची. खान बदलले, राजवटी बदलल्या, पण गाळ दरवर्षी काढावाच लागे.

कालवे कोसळले की नदी वाट बदले. १२२१ मध्ये मंगोलांनी ख्वारिझमची राजधानी गुरगंज उद्ध्वस्त केली. त्यानंतरच्या काळात अमूदर्याचं बरंच पाणी पश्चिमेला सारिकामिशच्या खोलगट भागाकडे गेलं आणि अरल आटला. हे आज कसं कळतं? आता समुद्राचा तळ उघडा पडल्यावर तिथे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या केरदेरीच्या कबरवास्तूचे अवशेष सापडले. म्हणजे ज्या जागी आपल्या जुन्या नकाशात पाणी आहे, तिथे एकेकाळी लोक राहत होते. काहीजण यावरून म्हणतात, अरल पूर्वीही आटला होता, मग आताचा एवढा गाजावाजा कशाला? पण पूर्वी नदी फक्त वळली होती. या वेळी ती वाटेतच संपली, आणि संपताना शेतांतलं मीठ आणि कीटकनाशकं खाली सोडून गेली.

या वेळच्या गोष्टीचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस युरोपच्या गिरण्यांना मिळेना. इंग्रजी गिरण्या मुंबईकडे वळल्या. कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरांचं वेड माजलं आणि १८६५ मध्ये ते फुटलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच टंचाईनं रशियन गिरणीवाल्यांची नजर मध्य आशियाकडे वळवली. १८६५ मध्येच रशियानं ताश्कंद घेतलं. केवळ कापसासाठी घेतलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, साम्राज्याची हाव आणि इंग्रजांशी चढाओढ होतीच. पण पुढे अमेरिकन वाणाचं बियाणं आलं, १८८८ मध्ये रेल्वे समरकंदला पोहोचली, आणि धान्याच्या जागी कापूस चढत गेला. उझबेक लोक कापसाला पांढरं सोनं म्हणतात. वऱ्हाडातही हाच शब्द आहे.

सोव्हिएत काळात कापूस हा योजनेचा आकडा झाला. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचं काम सुरू झालं. तेराशे किलोमीटरहून लांब, आणि बहुतांश विनाअस्तर, म्हणजे पाणी वाळूत पाझरायला मोकळं. इथे एक बारकावा लक्षात घ्या. १९६० पर्यंतही सिंचन वाढत होतं, तरी समुद्र फारसा हलला नाही. कारण जुनी शेती नदीकाठी होती, वापरून उरलेलं पाणी उताराने पुन्हा नदीत येई. नवे कालवे पाणी दूर वाळवंटात घेऊन गेले, तिथून ते परत आलं नाही. सिंचनाखालची जमीन १९६० च्या सुमारास ४५ लाख हेक्टर होती, ती १९९० पर्यंत ७० लाखांच्या पुढे गेली. त्यातली पुष्कळ चिबडली, मीठ वर आलं, मग ते धुवायला आणखी पाणी.

समुद्र आटणार हे नियोजनकर्त्यांना माहीत नव्हतं, असं मानू नका. समुद्राला मिळणारं पाणी त्यांच्या हिशेबात वाया जाणारं पाणी होतं, आणि माशांपेक्षा कापूस मोलाचा होता. हिशेबात धरलं नव्हतं ते वाऱ्याला. उघड्या तळावरचं मीठ आणि कीटकनाशकांची धूळ वारा उडवू लागला, आणि ती काराकल्पाक लोकांच्या शेतांवर, छातीत बसली. पाण्याचा आधार गेल्यानं भोवतालचे उन्हाळे अधिक तापले, हिवाळे अधिक गारठले.

मासेमारीचं काय झालं? १९२१ मध्ये व्होल्गाकाठी दुष्काळ पडला तेव्हा लेनिननं अरलच्या कोळ्यांकडे मासे मागितले आणि त्यांनी १४ वाघिणी भरून पाठवले. अराल्स्कच्या रेल्वे स्टेशनात त्या प्रसंगाचं भित्तिचित्र आहे. दक्षिणेला मोयनाक बंदरात डबाबंद माशांचा मोठा कारखाना होता. पाणी खारावत गेलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यापारी मासेमारी संपली. कारखाना चालू ठेवायला बाल्टिक आणि पॅसिफिकमधले गोठवलेले मासे हजारो किलोमीटर रेल्वेनं आणले गेले! आज मोयनाकपासून पाणी शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत, आणि पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढतात.

१९८७ च्या सुमारास समुद्राचे दोन तुकडे झाले आणि काही वर्षांनी ते दोन वेगळ्या देशांत गेले. कझाकस्ताननं जागतिक बँकेच्या मदतीनं २००५ मध्ये कोक-अरल बांध पुरा केला. सुमारे १३ किलोमीटरचा हा बांध सिरदर्याचं पाणी उत्तरेच्या तुकड्यातच अडवतो. काही महिन्यांत पाणी चढलं, क्षारता उतरली, मासे परतले, आणि अराल्स्कमध्ये पुन्हा मासळीचा धंदा सुरू झाला. दक्षिणेचा तुकडा मात्र या बांधानं सोडून दिला. उझबेकिस्तान तिथल्या कोरड्या तळावर सक्सौलची झुडपं लावत आहे, धूळ दाबण्यासाठी. समुद्र परत आणण्याची भाषा तिथे आता फारशी ऐकू येत नाही.

नद्यांचं पाणी कोणी किती घ्यायचं हे पाच नव्या देशांनी १९९२ मध्ये अल्माटीत ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे सोव्हिएत काळातलेच वाटे कायम ठेवले. त्या टेबलावर अफगाणिस्तान नव्हता. अमूदर्याची दक्षिण थडी मात्र त्याची आहे. २०२२ मध्ये तालिबान राजवटीनं कोशतेपा कालवा खणायला घेतला. लांबी २८५ किलोमीटर, पाणी अमूदर्याचं, आणि वाट पुन्हा वाळूतूनच. उत्तर अफगाणिस्तानातल्या शेतकऱ्याला पाणी नको असं कोणत्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न सध्या ताश्कंद आणि अश्गाबादपुढे आहे.