मोडीची किल्ली आणि फॉन्टचे कुलूप

मुंबई–गोवा महामार्गावरचे लोटे आज ओळखले जाते ते रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे. पण त्या वसाहतीच्या नावात लोट्याला जोडून परशुरामही येते, आणि परशुरामचे देवस्थान मराठ्यांच्या इतिहासात चांगलेच परिचित आहे. पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांचा मुक्काम तिथे होता. १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी सिद्दी सातने देवस्थान लुटले आणि स्वामी घाटावर धावडशीला गेले. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजी अप्पा, आंग्रे अशा तालेवार मंडळींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ती पत्रे मोडीत, बोरूने, कागदावर लिहिलेली. दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी १९०० मध्ये स्वामींचे चरित्र पत्रव्यवहारासह छापले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनीही ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत त्यांच्यासंबंधीची पत्रे दिली. लिहिणारे आणि वाचणारे यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेली होती, राज्य गेले होते, तरी पत्रे वाचता आली. त्यांच्याशेजारी १९९५ च्या सुमारास पुण्यामुंबईत संगणकावर जुळवलेले एखादे मराठी पुस्तक ठेवून पाहावे. त्याची मूळ फाइल आज सुखरूप हाती आली, तरी ती उघडेल आणि वाचता येईल याची खात्री देता येत नाही. ई-पुस्तकाचे स्वरूप खुले असावे की एका कंपनीच्या मालकीचे, हा वाद किंडल आल्यावर सुरू झाला असे समजले जाते. मराठीपुरते बोलायचे तर तो त्याच्या आधीच, फॉन्टच्या रूपाने, आपल्या दारात येऊन गेला होता आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

त्या काळच्या फॉन्टची रचना समजून घेतल्याशिवाय ही किंमत कळत नाही. संगणकाच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खण असत आणि ते रोमन अक्षरांसाठी आखलेले. श्रीलिपी, आकृती आणि सी-डॅकच्या प्रणाली यांनी त्याच खणांत देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. कोणता तुकडा कोणत्या खणात हे प्रत्येकाने आपापले ठरवले. त्यामुळे फाइलमध्ये ‘क’ असा नसेच. असे एक क्रमांक, आणि त्याचा ‘क’ फक्त त्या एका फॉन्टमध्ये दिसे. फॉन्ट बदलला की मजकुराच्या जागी रोमन चिन्हांचा चिखल. शिवाय पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी साठवली जाई. आज असा मजकूर रूपांतरित करताना वेलांटी उचलून मागे आणावी लागते, रफार उलट दिशेने सरकवावा लागतो, आणि जोडाक्षरांपाशी चुका होतात. पाने पेजमेकरमध्ये लावलेली असत. तेही एका कंपनीचे, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. म्हणजे एका पुस्तकाला दोन कुलपे, आणि दोन्हींच्या किल्ल्या परक्यांच्या खिशात. या फॉन्टकारांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्यांच्यामुळेच खिळे जुळवण्याचे कष्ट संपले आणि तालुक्याच्या गावीही डीटीपीची दुकाने निघाली. दोष असेल तर तो याचा, की सर्वांना समान असा संकेत हाताशी असूनही तो छपाईच्या फाइलीत शिरला नाही.

तसा संकेत होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे मानक स्वीकारले. त्याच्या १९८८ च्या आराखड्यावरून युनिकोडने आपली देवनागरी आखली आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिथे आकाराला क्रमांक नाही, अक्षराला आहे. आकार कसा काढायचा ते फॉन्टने पाहावे. युनिकोड जन्मतः मराठीला पुरेसे होते असे मुळीच नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ मध्ये. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवणारा ‘ऱ’ कसा टंकायचा याचा घोळ बरीच वर्षे चालला. मराठी वळणाचे ल आणि श अनेक उपकरणांवर आजही हिंदी वळणाने दिसतात. पण ‘ॲ’ची उणीव भरून निघाली कशी, हे पाहण्यासारखे आहे: कोणीतरी जाहीर प्रस्ताव मांडला, त्यावर चर्चा झाली, आणि सर्वांच्या उपकरणांसाठी एकदम दुरुस्ती झाली. बंद फॉन्टमधली चूक मालकाला वाटले तरच दुरुस्त होते.

आता ई-पुस्तकाकडे. मराठीत ई-पुस्तक म्हणजे बहुतेकदा पीडीएफ, आणि ही सवय फॉन्टच्या इतिहासातूनच आली. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार फाइलीतच बंदिस्त करता येतात, म्हणून जुने फॉन्ट वापरूनही पान जसेच्या तसे दिसे. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी हजारो वाचकांपर्यंत मोफत पुस्तके पोचवली ती याच वाटेने, आणि हे काम मोठे आहे. पण पीडीएफ पान जपते, अक्षर जपेलच असे नाही. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय खुले मानक आहे, तरी आतला मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर त्यात शब्द शोधता येत नाही, अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर त्यातून काही बोलू शकत नाही, आणि फोनच्या पडद्यावर ते पान सरकवत सरकवत वाचावे लागते. खुलेपणा नुसता वेष्टनाचा असून भागत नाही. ईपबचा फरक इथे आहे. १९९९ च्या ओपन ईबुक संकेतातून निघालेले आणि २००७ मध्ये दुसऱ्या आवृत्तीला पोचलेले हे स्वरूप म्हणजे वेबपानांचे एक गाठोडे. युनिकोड मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. सोनीचे ई-पुस्तक वाचण्याचे उपकरण लिनक्सशी जुळेना म्हणून कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले काम पुढे कॅलिबर हे सॉफ्टवेअर झाले आणि एका उपकरणाचे पुस्तक दुसऱ्यावर नेणे कोणालाही जमू लागले. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर जोडाक्षरे तुटत, हे खरे. पण फोन सुधारले तसे तेच जुने ईपब नीट दिसू लागले, पुस्तकाला हात लावावा लागला नाही.

याच २००७ मध्ये ॲमेझॉनने किंडल आणले, स्वतःच्या बंद स्वरूपासह. मराठी पुस्तकांचे रीतसर दालन तिथे उघडले डिसेंबर २०१६ मध्ये. नऊ वर्षे मराठी वाचक एका कंपनीच्या निर्णयाची वाट पाहत होता. प्रकाशक म्हणतात, नक्कल रोखणारे कुलूप नसेल तर पुस्तक व्हॉट्सॲपवर फिरेल आणि लेखकाला काय मिळेल? चिंता रास्त आहे, मराठीची बाजारपेठ लहान असल्याने अधिकच. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रती पुष्कळदा कागदी पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या असतात. त्यांना ई-पुस्तकाचे कुलूप अडवूच शकत नाही. कुलूप मात्र पैसे भरलेल्या वाचकाला अडवते. २००९ मध्ये ऑरवेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परत काढून घेतल्या गेल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. खरेदीदाराचे नाव पानात उमटवून ईपब विकता येते, आणि मराठीसाठी मला तीच वाट योग्य वाटते.

अधिक कठीण आक्षेप मोडीचाच आहे. मोडी कोणाच्या मालकीची नव्हती, तरी छापखान्यातली बाळबोध जिंकली आणि आज दप्तरेच्या दप्तरे वाचकांविना पडून आहेत. मग खुलेपणाने काय साधले? साधले ते हे, की मोडी शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. पारसनीसांना लागली नाही, आजच्या विद्यार्थ्यालाही लागत नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, तेव्हा कोणा मालकाकडे जावे लागले नाही.

लोट्याहून परशुराम घाट उतरला की चिपळूण लागते. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत त्याच्या ग्रंथसंग्रहाचे मोठे नुकसान झाले. कागद पाण्यापुढे टिकत नाही. पण भिजलेल्या छापील पुस्तकाची दुसरी प्रत एखाद्या वाचकाच्या कपाटातून उचलून या ग्रंथालयाला भेट देता येते. त्याच वाचकाच्या किंडलवरचे विकत घेतलेले मराठी पुस्तक त्याला ग्रंथालयाला देता येत नाही.