अल्पमात्रा किरणोपचार

सांधे, कंडरा व त्यांभोवतालच्या ऊतकांतील जुनाट दाह आणि वेदना शमवण्यासाठी क्ष-किरणांचा अत्यल्प मात्रेत केलेला वापर. टाचदुखी, टेनिस एल्बो, खांद्याभोवतीचा दाह, तसेच गुडघा, खुबा व हाताची बोटे यांच्या सांध्यांची झीज या विकारांवर तो प्रामुख्याने केला जातो.

‘रेडिएशन’ म्हटले की कर्करोग आठवतो. पण येथे मात्रा आणि हेतू दोन्ही वेगळे आहेत. कर्करोगात बहुधा रोज २ ग्रेप्रमाणे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) ५० ते ७० ग्रे मात्रा देऊन पेशी नष्ट केल्या जातात. वेदनाशमनासाठी एका वेळी ०.५ ते १ ग्रे, आठवड्यातून दोन-तीनदा, अशा सहा बैठकांत एकूण ३ ते ६ ग्रे पुरतात. प्रत्येक बैठक काही मिनिटांची असते आणि ती वेदनारहित असते. गुण मात्र सावकाश येतो. त्याला कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. मधल्या काळात काहींचे दुखणे तात्पुरते वाढते. पुरेसा आराम न पडल्यास सहा ते बारा आठवड्यांनी दुसरा क्रम देता येतो.

अधिक मात्रेने दाह वाढतो, तर अल्प मात्रेने तो ओसरतो, ही या उपचारातील सर्वांत लक्षणीय गोष्ट. प्रयोगांत असे दिसले की १ ग्रेपेक्षा कमी मात्रेनंतर पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला कमी चिकटतात आणि भक्षक पेशींतून नायट्रिक ऑक्साइडसारखी दाहकारक द्रव्ये कमी स्रवतात. झिजलेली कूर्चा मात्र यामुळे भरून येत नाही.

रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावर काही वर्षांतच सांधेदुखीवर त्यांचे प्रयोग सुरू झाले. जर्मनीत ही पद्धत टिकली आणि आज तेथे ती नित्याची आहे. ब्रिटनमध्ये मणक्यांच्या ताठरतेवर (अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस) किरणोपचार घेतलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांचा कोर्ट ब्राउन व डॉल यांनी अभ्यास केला. त्यांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले (१९५७). त्या मात्रा आजच्यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या आणि पाठीच्या कण्यातील अस्थिमज्जेचा बराच भाग किरणांखाली येत असे. तरीही इंग्रजी भाषक देशांत हा उपचार मागे पडला. स्टेरॉइडे व नवी वेदनाशामके आल्याने त्याची गरजही कमी वाटू लागली.

परिणामकारकतेचा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. टाचदुखीबाबतचा पुरावा तुलनेने भक्कम आहे: जर्मनीतील एका चाचणीत एकूण ६ ग्रे घेणाऱ्यांना ०.६ ग्रे घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम पडला. गुडघा व हात यांच्या झिजेवरील नेदरलँड्समधील चाचण्यांत मात्र खरा आणि लटका (किरण न देता केवळ तसा भास निर्माण करणारा) उपचार यांत लक्षणीय फरक दिसला नाही. याउलट २०२५ मध्ये मांडलेल्या दक्षिण कोरियातील चाचणीत, गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेल्यांपैकी ३ ग्रे मिळालेल्या सुमारे ७० टक्के रुग्णांना गुण आला. लटक्या उपचाराच्या गटात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. जुनाट दुखणे आपोआपही चढते-उतरते, म्हणून अशा तुलनेविना केलेल्या दाव्यांवर विसंबणे योग्य नाही.

कर्करोगाचा दूरगामी धोका अत्यल्प असला तरी शून्य मानला जात नाही. हात-पाय अस्थिमज्जेच्या मोठ्या साठ्यांपासून व नाजूक अवयवांपासून दूर असल्याने तेथे तो आणखी कमी असतो. तरुणांना हा उपचार सहसा देत नाहीत आणि गरोदरपणी तो वर्ज्य आहे. व्यायाम, वजन घटवणे, योग्य पादत्राणे आणि औषधे यांनी भागत नसेल किंवा वेदनाशामके सोसत नसतील, अशा वयस्क रुग्णांसाठीच त्याचा विचार केला जातो.