भागिले आठ : बिट, बॉड आणि बाइट यांची कथा

🧵 १/९
इंटरनेट जोडणीचा वेग सांगितला जातो १०० एमबीपीएस. फाइल उतरवू लागताच पडद्यावर आकडा दिसतो सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट. अनेकांना ही फसवणूक वाटते. वस्तुतः हा केवळ भागाकार आहे. मात्र त्यातील ‘आठ’ हा भाजक कोठून आला, याला मोठा इतिहास आहे.

२/९
ऑगस्ट १८५८. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणाऱ्या पहिल्या अटलांटिक सागरी तारेवरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेकडे निघाला. तो पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे. त्या काळी तारेचा वेग मोजला जाई तो शब्दांत.

३/९
परंतु शब्द हे माप लवचीक. कोणता दोन अक्षरांचा, कोणता बारा. मोर्सच्या संकेतांतही प्रत्येक अक्षराची लांबी निराळी. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो याने १८७४ मध्ये एकस्व घेतलेल्या आपल्या यंत्रणेत प्रत्येक अक्षराला समान लांबीचे पाच घटक दिले. आता अक्षरांऐवजी घटक मोजणे शक्य झाले. सेकंदाला किती संकेत, या मापाला पुढे त्याच्याच नावावरून ‘बॉड’ म्हटले गेले.

४/९
१९४८ मध्ये क्लॉड शॅननने माहितीच मोजता येते, हे गणिताने दाखवले. तिचे मूळ एकक म्हणजे ‘बिट’ : शून्य किंवा एक. हा शब्द सुचवण्याचे श्रेय शॅननने जॉन ट्यूकीला दिले. या एककाने राणीचा संदेश मोजून पाहावा. शब्दामागे मोकळ्या जागेसह सहा चिन्हे आणि चिन्हामागे बोदोचे पाच घटक धरले, तर ९८ × ६ × ५ = २९४० बिट. म्हणजे सुमारे वीस सेकंदांना एक बिट!

५/९
बॉड आणि बिट एकच नव्हेत. १९६२ च्या ‘बेल १०३’ मोडेममध्ये एका संकेतात एकच बिट जाई. म्हणून ३०० बॉड म्हणजे सेकंदाला ३०० बिट. नंतरच्या ‘बेल २१२ए’ मध्ये प्रत्येक संकेत दोन बिट वाहू लागला. ६०० बॉडवर वेग मिळाला १२०० बिट. तरीही लोक बराच काळ त्याला ‘१२०० बॉड’च म्हणत राहिले.

६/९
दरम्यान संगणकाच्या जगात वेगळेच माप जन्मले. १९५६ मध्ये आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्ट्झ याने एकत्र हाताळल्या जाणाऱ्या बिटांच्या गटाला ‘बाइट’ हे नाव दिले. या गटात आठच बिट असावेत, असा तेव्हा दंडक नव्हता. कित्येक यंत्रे सहा बिटांत अक्षर साठवत. १९६४ च्या ‘सिस्टिम/३६०’ नंतर आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला.

७/९
भाजकाचे मूळ येथे सापडते. तारेवरून बिट एकामागोमाग जातात. अक्षर कोठे संपते, याच्याशी तारेला कर्तव्य नसते. म्हणून दळणवळणाच्या अभियंत्यांनी बिट मोजले. साठवणाऱ्याला मात्र अक्षरे हवी असतात. म्हणून संगणकवाल्यांनी बाइट मोजले. फाइल उतरवताना ही दोन्ही मापे समोरासमोर येतात, एवढेच.

८/९
आणखी एक गुंता ‘किलो’ आणि ‘मेगा’चा. दळणवळणात किलो म्हणजे १०००. संगणकाच्या स्मृतीत सोयीसाठी १०२४. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये १०२४ च्या पटींना ‘किबी’, ‘मेबी’ अशी स्वतंत्र नावे देण्यात आली. त्यामुळे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, किंवा सुमारे ११.९ मेबीबाइट. प्रत्यक्ष वहनात नियंत्रणासाठीही काही बिट खर्ची पडतात. म्हणून आकडा आणखी थोडा उतरतो.

९/९
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही महानगरांत इंटरनेट खुले केले. साध्या दूरध्वनीवरचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे १२०० बाइट. एक मेगाबाइटची फाइल उतरण्यास सुमारे चौदा मिनिटे लागत. बिट आणि बाइट एकच मानणाऱ्याच्या हिशेबाने ती पावणेदोन मिनिटांत यायला हवी होती. उरलेली बारा मिनिटे त्याने बहुधा यंत्राला दोष देण्यात घालवली असावीत. दोष होता तो भागाकाराच्या विस्मरणाचा.