कागदावरचे वाक्य न्यायालयात जाते तेव्हा : मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना, १७८०

१/ अमेरिकेची संघीय राज्यघटना १७८७ सालची. पण लिखित घटनांचा प्रयोग त्याआधीच तिथल्या राज्यांत सुरू झाला होता. त्यांपैकी मॅसॅच्युसेट्सची १७८०ची घटना, अनेक दुरुस्त्यांसह, आजही अमलात आहे. तिच्या पहिल्या कलमाचा अर्थ एका निरक्षर गुलाम स्त्रीने कसा सिद्ध केला, त्याची ही हकिगत.

२/ १७७६मध्ये ब्रिटिश राजसत्ता झुगारल्यावर प्रश्न उभा राहिला : नवी घटना लिहायची कोणी? विधिमंडळ स्वतःच लिहू पाहत होते. कॉन्कर्डच्या गावसभेने हरकत घेतली. घटना राज्यकर्त्यांना लगाम घालण्यासाठी असते. जे विधिमंडळ ती लिहील, ते ती बदलूही शकेल. मग प्रजेला संरक्षण कसले?

३/ तरीही विधिमंडळाने मसुदा केला. १७७८मध्ये गावोगावच्या सभांनी तो प्रचंड बहुमताने फेटाळला. त्यात हक्कांचा जाहीरनामाच नव्हता, हा एक प्रमुख आक्षेप होता.

४/ अखेर १७७९मध्ये केवळ घटनेसाठी स्वतंत्र परिषद निवडण्यात आली. मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्सचा. तो पुन्हा गावसभांपुढे गेला आणि १७८०मध्ये संमत झाला. निवडलेली घटना परिषद आणि जनतेची संमती, ही पद्धत येथे रूढ झाली.

५/ घटनेत आधी हक्क, मग शासनाची रचना. पहिल्या कलमानुसार सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान. तिसाव्या कलमाने कायदेमंडळ, कार्यकारी सत्ता व न्यायसंस्था परस्परांपासून वेगळ्या केल्या.

६/ शेफील्ड गावी कर्नल जॉन ॲशलीच्या घरी बेट नावाची गुलाम स्त्री राबत होती. याच घरात १७७३मध्ये इंग्रजी अंमलाविरुद्ध मानवी समतेचा उद्घोष करणारे ठराव लिहिले गेले होते. ते तयार करण्यात थिओडोर सेजविक या वकिलाचाही सहभाग होता. बेट त्याच्याकडेच गेली.

७/ १७८१मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात बेट आणि त्याच घरचा गुलाम ब्रॉम यांचा दावा चालला. ज्युरीने दोघांनाही मुक्त ठरवले आणि ३० शिलिंग भरपाई दिली. बेटने पुढे एलिझाबेथ फ्रीमन हे नाव धारण केले.

८/ १७८३मध्ये क्वॉक वॉकर खटल्यात मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्युरीला स्पष्ट सांगितले की, या घटनेशी गुलामगिरी विसंगत आहे. १७९०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही.

९/ मर्यादाही मोठ्या होत्या. मतदानासाठी मालमत्तेची अट होती; स्त्रियांना मताधिकार नव्हता. १७८७च्या संघीय घटनेने तर पळालेला गुलाम मालकाच्या स्वाधीन करण्याची तरतूद केली.

१०/ व्हर्जिनियाच्या १७७६च्या जाहीरनाम्यातही माणसे निसर्गतः स्वतंत्र असल्याचे म्हटले होते. तिथे मात्र गुलामगिरी यादवी युद्धापर्यंत टिकली. शब्द जवळजवळ तेच होते. मॅसॅच्युसेट्समध्ये ते शब्द घेऊन दाद मागणारी माणसे पुढे आली आणि त्यांचा सरळ अर्थ मान्य करणारे न्यायालयही त्यांना लाभले.

#इतिहास #राज्यघटना